ग्रह, बटुग्रह, लघुग्रह, धूमकेतू, उल्का: सूर्यमालेत कोण कोण आहे आणि फरक काय?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत जाणारे तुकडे हजारो लोकांनी पाहिले. अनेकांना तो उल्कावर्षाव वाटला. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची भली मोठी रिंग सापडली आणि कळलं की हे रॉकेटचे अवशेष होते. 'लघुग्रह पृथ्वीवर आदळणार' असे मेसेजही व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतात. अशा वेळी घाबरायचं की नाही हे ठरवायला सूर्यमालेतल्या वस्तूंचे मुख्य प्रकार माहीत असलेले बरे. चला, एकेक पाहू.

सूर्य

सूर्य हा तारा आहे, म्हणजे तो स्वतःच्या ऊर्जेने प्रकाशतो. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ९९.८ टक्के एकट्या सूर्यात आहे. पृथ्वीपासून तो सरासरी १५ कोटी किमी दूर आहे. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८ मिनिटे २० सेकंद लागतात.

ग्रह

ग्रह ८ आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाळ. गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचे. युरेनस आणि नेपच्यून यांना 'बर्फाळ महाग्रह' म्हणतात.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या:

• तो सूर्याभोवती फिरला पाहिजे.
• स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे तो जवळजवळ गोल झालेला असला पाहिजे.
• आपल्या कक्षेच्या परिसरात त्याचंच वर्चस्व असलं पाहिजे, म्हणजे तिथे त्याच्या तोडीच्या इतर वस्तू नकोत.

बटुग्रह

पहिल्या दोन अटी पूर्ण, पण तिसरी नाही, आणि जो कोणाचा उपग्रहही नाही, तो बटुग्रह. प्लुटो, एरिस, हौमिया, माकेमाके आणि सेरेस हे पाच बटुग्रह अधिकृतपणे मान्य आहेत. २००५ मध्ये एरिस सापडला. तो साधारण प्लुटोएवढाच निघाला आणि 'मग हाही ग्रह मानायचा का?' हा प्रश्न उभा राहिला. त्यातूनच वरची व्याख्या आली आणि प्लुटो यादीतून बाहेर गेला.

अशी वेळ येणारा प्लुटो पहिला नाही. १८०१ मध्ये सापडलेल्या सेरेसलाही आधी ग्रहच म्हणत. त्याच भागात आणखी वस्तू सापडत गेल्यावर तो लघुग्रहांत मोजला जाऊ लागला.

उपग्रह

ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. बुध आणि शुक्राला एकही नाही, पृथ्वीला एक, तर शनीला २०२५ च्या मोजणीनुसार २७४. गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह बुधापेक्षाही मोठा आहे. तरी तो ग्रह नाही, कारण तो गुरूभोवती फिरतो.

लघुग्रह

हे ग्रह बनताना उरलेले खडक आणि धातूचे तुकडे. बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. सिनेमात हा पट्टा खचाखच भरलेला दाखवतात, पण प्रत्यक्षात तिथे दोन लघुग्रहांमध्ये प्रचंड अंतर असतं. पट्ट्यातल्या सगळ्यांचं वस्तुमान एकत्र केलं तरी ते आपल्या चंद्रापेक्षा बरंच कमी भरतं.

काही लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेजवळ येतात. त्यांच्यावर सतत लक्ष असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. त्यामुळे त्याचा फेरीचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. म्हणजे वेळेत कळलं तर लघुग्रहाची वाट बदलता येऊ शकते.

धूमकेतू

धूमकेतूचं केंद्र बर्फ, धूळ आणि खडक यांचं असतं, आकार बहुधा काही किलोमीटर. सूर्याजवळ आल्यावर बर्फाची थेट वाफ होते आणि शेपूट तयार होतं. शेपूट नेहमी साधारणपणे सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं, त्यामुळे परतीच्या प्रवासात ते धूमकेतूच्या पुढे दिसू शकतं! हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१ मध्ये येईल.

उल्काभ, उल्का आणि अशनी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वस्तू तीच, फक्त ती कुठे आहे त्यावर नाव बदलतं:

• उल्काभ: अवकाशात फिरणारा लहान खडा किंवा कण.
• उल्का: तो वातावरणात घुसल्यावर दिसणारी प्रकाशाची रेघ. 'तारा तुटला' म्हणतो ती हीच.
• अशनी: न जळता जमिनीवर पोचलेला तुकडा.

मोठा तुकडा आला तर काय होतं? बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अशाच आघाताने झालेल्या विवरात आहे. बेसाल्ट खडकातल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किमी आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरची वस्तू हवेतच फुटली. जवळपास १५०० लोक जखमी झाले, बरेचसे खिडक्यांच्या फुटलेल्या काचांमुळे. त्यामुळे आकाशात मोठा झगमगाट दिसला तर आधी खिडकीपासून लांब व्हा. धक्क्याची लाट प्रकाशानंतर येते.

आकाशात दिसलं ते काय?

• एक-दोन सेकंदांत गेलं: बहुधा उल्का.
• बराच वेळ, संथपणे, तुकडे होत गेलं: बहुधा रॉकेट किंवा उपग्रहाचे अवशेष. त्यांचा वेग उल्केपेक्षा कमी असतो. सापडलेल्या तुकड्याला हात लावू नका, पोलिसांना कळवा.
• रोज रात्री थोडं सरकत, आठवडाभर दिसलं: धूमकेतू असू शकतो.

आणि तो 'आदळणार'वाला मेसेज?

त्यात तारीख आणि शक्यतेचा आकडा आहे का ते बघा. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढच्या काही दिवसांत जास्त निरीक्षणं मिळाली आणि ती जवळपास शून्यावर आली. सुरुवातीला आकडा वाढून मग घसरणं हे नेहमीचंच आहे.

पुढचा मोठा पाहुणा अपोफिस. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे तो पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही, हे नक्की झालेलं आहे. तेव्हा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी एवढं नक्की सांगा.