फिफ्थ अव्हेन्यूचे अल्पायुषी प्रासाद

न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अव्हेन्यू आणि ७७वा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर विल्यम क्लार्क यांचा प्रासाद उभा राहायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मोंटानातल्या तांब्याच्या खाणींनी क्लार्क यांना गडगंज केले होते आणि ते सेनेटरही झाले होते. १९११मध्ये पूर्ण झालेल्या या घरात १२१ खोल्या होत्या. खर्च सुमारे ७० लाख डॉलर झाल्याचे सांगितले जाते. १९२५मध्ये क्लार्क वारले आणि १९२७मध्ये घर पाडले गेले. पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून बांधलेली वास्तू जेमतेम सोळा वर्षे नांदली.

रेल्वेच्या पैशावर मोठ्या झालेल्या व्हँडरबिल्ट घराण्याचीही हीच गत झाली. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट (दुसरे) यांचा ५७व्या आणि ५८व्या रस्त्यांदरम्यानचा प्रासाद त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी वैधव्यात विकला आणि तोही त्याच सुमारास जमीनदोस्त झाला. त्या जागी १९२८मध्ये बर्गडॉर्फ गुडमन हे उंची कपड्यांचे दुकान सुरू झाले. प्रासादाचे लोखंडी फाटक मात्र वाचले. ते आज सेंट्रल पार्कमधल्या कन्झर्व्हेटरी गार्डनच्या प्रवेशद्वाराशी आहे.

या पडझडीचे खापर बहुधा १९१३मध्ये लागू झालेल्या प्राप्तिकरावर फोडले जाते. तारखा मात्र या म्हणण्याला साथ देत नाहीत. १९२१मध्ये या कराचा सर्वांत वरचा दर ७३ टक्के होता. १९२५पर्यंत तो २५ टक्क्यांवर आला. क्लार्क आणि व्हँडरबिल्ट यांची घरे पडली ती त्यानंतर. १९२९ची मंदी यायची होती, शेअर बाजार तेजीत होता. धनिकांचे हात आखडलेले नव्हते.

मग बदलले काय? एक तर जमिनीचा भाव. चार-पाच मजल्यांचे घर पाडून तिथे बहुमजली इमारत उठवणे बिल्डरांना परवडू लागले. क्लार्क यांच्या जागेवरही अपार्टमेंटच उभे राहिले. दुसरे कारण घराच्या आतले. ९१व्या रस्त्यावरच्या अँड्र्यू कार्नेगी यांच्या ६४ खोल्यांच्या घरात (१९०२) तळघरातला कोळसा भट्टीपर्यंत नेण्यासाठी चिमुकल्या रुळांवर गाडी धावत असे. पण ती भरायला, राख उपसायला, चादरी धुवायला, चांदी घासायला माणसेच लागत. हे काम मुख्यतः युरोपातून आलेल्या तरुण मुली करत. महायुद्धात तो ओघ आटला, १९२४च्या कायद्याने त्याला आणखी बांध घातला. शिवाय दुकाने आणि कचेऱ्यांत मुलींना ठरावीक तासांचे काम मिळू लागले. मालकाच्याच छपराखाली राहून रात्री-अपरात्री घंटेला ओ देण्याची गरज त्यांना उरली नाही.

श्रीमंतांनीही लवकरच वेगळी वाट धरली. मार्जरी मेरीवेदर पोस्ट यांनी ९२व्या रस्त्यावरचे आपले घर बिल्डरला दिले ते एका अटीवर: नव्या चौदा मजली इमारतीच्या माथ्यावर त्यांना ५४ खोल्यांचे घर हवे होते. ऐश्वर्य तसेच राहिले. स्वतंत्र वास्तू चालवण्याचा व्याप मात्र सुटला.

काही प्रासाद तगले, पण राहती घरे म्हणून नव्हेत. हेन्री क्ले फ्रिक यांनी आपले घर आणि चित्रसंग्रह पत्नीच्या पश्चात लोकांसाठी खुला व्हावा अशी तजवीज केली होती. १९३५मध्ये तिथे संग्रहालय उघडले. कार्नेगींच्या पत्नी लुईझ १९४६मध्ये मृत्यू होईपर्यंत आपल्या घरात राहिल्या. १९७६पासून तिथे कूपर ह्यूइट हे डिझाइनचे संग्रहालय आहे.

करांमुळे वैभव लयाला गेले, असे म्हणताना त्या वैभवाचा रोजचा भार कोणाच्या खांद्यावर होता, हा प्रश्न बाजूला पडतो. दर्शनी दालनांत आज तिकीट काढून फिरता येते. ती दालने उबदार आणि लखलखीत ठेवणाऱ्या मुली तळघरातून आणि माळ्यावरच्या खोल्यांतून निघून गेल्या, तेव्हाच त्या घरांचे दिवस भरत आले होते.