बारा मार्चचा अल्टरनेटर

मंडळाच्या पिकनिकला आमची शेव्हेल पाहून बऱ्याच जणांनी विचारले, "ही चालते, की ढकलत आणलीत?" चालते. मधे तीन महिने मात्र बंद होती, आणि त्या तीन महिन्यांत आमच्या पदरात बराच इतिहास पडला.

गाडी 1969 ची, शेव्रोले शेव्हेल एसएस 396. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवायची टूम 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओने लोकप्रिय केली. अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. आमची गाडी शेजारच्या आजोबांची. ते इंडियानातल्या अँडरसन गावी डेल्को-रेमीच्या कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर आजींनी गाडी आम्हाला दिली, किल्लीबरोबर एक वहीही दिली. वहीत गाडीच्या प्रत्येक विजेच्या भागावरचा क्रमांक लिहिलेला. आम्ही ती हिशेबाची वही समजून कपाटात टाकली.

एके दिवशी डॅशबोर्डवरचा 'जेन'चा लाल दिवा लागला तो विझेचना. अल्टरनेटर गेला. दुकानात नेला, तर त्यांनी जुना ठेवून घेतला आणि दुरुस्त केलेला दुसरा, चकचकीत, हातात दिला. इथली हीच पद्धत. आम्हीही खूश. रात्री सहज वही उघडली आणि पोटात गोळा आला. अल्टरनेटरपुढे आजोबांनी लिहिले होते: 9 सी 12.

डेल्को-रेमीच्या त्या वेळच्या अल्टरनेटरवर पुढच्या बाजूला 1100 ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक असतो आणि जवळच तारीख ठोकलेली असते. पहिला आकडा वर्षाचा, अक्षर महिन्याचे, मग दिवस. म्हणजे 12 मार्च 1969. आमच्या गाडीच्या पत्र्यावरच्या पट्टीवर 04बी आहे, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. महिनाभर आधी अँडरसनला बनलेला अल्टरनेटर या गाडीला लागला, हिशेब चोख जुळतो. आणि नव्या चकचकीतवर? 1971 ची तारीख!

अँडरसनची गोष्ट जुनी आहे. फ्रँक आणि पेरी रेमी या भावांनी तिथे इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बनवायला घेतले. तिकडे ओहायोत डेटनला चार्ल्स केटरिंग यांनी 1909 मध्ये डेल्को काढली. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. छोटी मोटर क्षणभरासाठी मोठा जोर देऊ शकते, हीच युक्ती वापरून त्यांनी 1912 च्या कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर दिला आणि हँडल मारण्याची कटकट संपवली. पुढे दोन्ही कंपन्या जनरल मोटर्सच्या पोटात एक झाल्या. डायनॅमो सिग्नलला उभ्या गाडीत मलूल व्हायचा, दिवे मिणमिणायचे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर परवडू लागला. क्रायस्लरने तो 1960 च्या व्हॅलियंटला दिला, जनरल मोटर्सने 1963 पासून, 'डेल्कोट्रॉन' या नावाने. स्टार्टरचा धंदा जनरल मोटर्सने 1994 साली विकला, आणि अँडरसनचे बरेच कारखाने नंतर जमीनदोस्त झाले.

म्हणून तो तुकडा हवा होता. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत आम्ही दुकानापुढे हजर. मागच्या अंगणात पिंप होते, त्यात तीसएक अल्टरनेटर एकमेकांवर. टॉर्च, जुना टूथब्रश आणि वही घेऊन दोघे बसलो. तळाशी हात घालता घालता सापडला: 9 सी 12. दुकानदाराने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

दुरुस्ती घरीच केली. आपल्याकडे आर्मेचर पुन्हा गुंडाळणाऱ्या दुकानांत बसून आमच्यापैकी एकाचे बालपण गेले आहे, तेवढी हिंमत होती. चार लांब बोल्ट काढण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर खूण केली. सहा डायोडपैकी एक मेलेला, कार्बनचे दोन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले, बेअरिंग कुरकुरत होते. एवढेच बदलले. रोटरची तांब्याची कडी बारीक पॉलिशपेपरने पुसली. तारेचे वेटोळे मीटरवर ठीक निघाले, त्याला हात लावला नाही. बाहेरचे अॅल्युमिनियम नुसते धुतले. वाळूचा फवारा मारला की चकाकी येते, पण ठोकलेली तारीख अंधूक होते. जोडताना ब्रश मागे दाबून धरावे लागतात. त्यासाठी मागच्या झाकणाला बारीक भोक असते, त्यात काडी घालायची. आम्ही उदबत्तीची काडी वापरली. जोडून झाल्यावर ती ओढली, आतून 'टक' असा आवाज आला आणि ब्रश जागेवर बसले.

व्होल्टेज रेग्युलेटर वेगळ्या डबीत असतो. त्याचे कंप पावणारे संपर्क अगदीच जळले होते, म्हणून जुन्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडोत, रात्री हायवेवर दिवे लागणे महत्त्वाचे.

गाडी सुरू केली, लाल दिवा विझला. आजी पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी वही मागितली, त्या ओळीपुढे पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख घातली आणि वही परत दिली.

आता हॉर्नचा रिले राहिला आहे. रेडिएटरजवळ बसणारा जुना, 1969 चा, बिघडलेलाही चालेल. कुणाच्या गराजमध्ये पडला असेल तर पुढच्या पिकनिकला घेऊन यावा, बदल्यात पुरणपोळ्या मिळतील.