पाण्यात उतरलेली 'म्हैस'



नोव्हेंबर उजाडला की आपली मुले छातीवर लाल पॉपी लावून शाळेतून घरी येतात. गेल्या वर्षी मंडळाच्या मराठी वर्गात एका मुलीने मला विचारले, "काका, ११ तारखेला आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहतो. पण ती लढाई आपली कुठे होती?" मी पडलो रसायनशास्त्राचा माणूस. तेव्हा धड उत्तर देता आले नाही. मग वाचायला घेतले आणि एका अजब वाहनाशी गाठ पडली.

४ सप्टेंबर १९४४ रोजी बेल्जियममधले अँटवर्प बंदर दोस्तांच्या हाती आले, तेही जवळजवळ धडधाकट. पण ते समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत, शेल्ट नदीवर. नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडे होते, त्यामुळे एकही जहाज आत येईना. ते काठ मोकळे करण्याचे काम कॅनडाच्या पहिल्या सैन्याकडे आले.

तिथली जमीन म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातली खाजणे डोळ्यांसमोर आणा. समुद्र बांध घालून अडवलेला आणि शेत पाण्याच्या पातळीखाली. जर्मनांनी पाणी आत सोडले होते. ट्रक रुतायचे, आणि होडी चिखलाला लागली की पुढे सरकायची नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडले ते पाण्यात तरंगणारे आणि जमिनीवर साखळीपट्ट्यांवर चालणारे मालवाहू वाहन. अमेरिकन नाव एल.व्ही.टी., पण ब्रिटिशांनी त्याला 'बफेलो' म्हटले. आपल्याकडची म्हैसही पाणी आणि चिखल दोन्हींत सुखी असते, तेव्हा नाव शोभतेच!

रचना साधी आहे. सुमारे ८ मीटर लांबीची, पाणी आत न शिरणारी पोलादी पेटी. एल.व्ही.टी.-४ हा नमुना रिकामा सुमारे १२ टनांचा आणि वर ४ टन माल. म्हणजे भरलेल्या गाडीने १६ घनमीटर पाणी बाजूला सारले की ती तरंगते. आर्किमिडीजचा नियम, दुसरे काही नाही. पाण्यात पुढे जायला पंखा नाही. पट्ट्यांवर वाकड्या पात्या बसवलेल्या असतात, त्या रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारख्या पाणी मागे लोटतात. इंजिन विमानाचे, २५० अश्वशक्तीचे. वेग जमिनीवर ताशी सुमारे ३२ किलोमीटर, पाण्यात जेमतेम ११. आधीच्या नमुन्यात इंजिन मागे असल्याने सैनिकांना कठड्यावरून, गोळ्यांच्या तोंडी उड्या माराव्या लागत. चौथ्या नमुन्यात इंजिन पुढे नेले आणि मागची भिंत फळीसारखी खाली पडू लागली. तीस माणसे किंवा एक जीप तिथून आत-बाहेर करू शके. दोष म्हणजे पत्रा पातळ आणि आवाज मोठा.

गंमत अशी की या वाहनाचा जन्म लढाईसाठी झालाच नव्हता. फ्लोरिडात चक्रीवादळे आली की दलदलीत अडकलेल्या माणसांपर्यंत होडीही पोहोचेना आणि मोटारही. म्हणून डोनाल्ड रोब्लिंगने १९३५ मध्ये 'ॲलिगेटर' बांधला. ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या वॉशिंग्टन रोब्लिंगचा हा नातू. १९३७ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याची चित्रे छापून आली आणि नौसैनिकांचे लक्ष गेले.

९ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे, अंधारात, कॅनडाची नववी ब्रिगेड बफेलोंमधून टर्न्यूझेनहून निघाली आणि होफ्टप्लाटजवळ, शत्रूच्या पाठीमागे उतरली. वाटेत जलद्वारांपाशी खोळंबा होऊन बेत चोवीस तास लांबला होता. तेवढा वेळ सातवी ब्रिगेड लिओपोल्ड कालव्यावर एकटी मार खात होती. शेल्टच्या लढाईत ८ नोव्हेंबरपर्यंत कॅनडाचे ६,३६७ सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. २८ नोव्हेंबरला पहिला जहाजांचा ताफा अँटवर्पला लागला. त्यात सर्वांत पुढे होते कॅनडात बांधलेले 'फोर्ट कॅटराक्वी'.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. कॅनडाचे आणखी काही सैन्य त्याच हिवाळ्यात इटलीत, सेनिओ नदीच्या काठी बसले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते हॉलंडकडे निघाले. ९ एप्रिलला तीच नदी ओलांडायला ज्या पलटणी उतरल्या त्यांत पहिली मराठा पलटण होती. त्या आठवड्यात जवळच्या कोमाक्यो सरोवरात ब्रिटिश सैनिक याच वाहनांतून गेले. मराठ्यांच्या वाट्याला मात्र ती आली नाहीत. नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून स्वतः वाहून आणले. मग तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना करीत उरलेल्यांना बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तेव्हा बाळ, ती लढाई आपलीही होती. आपले राज्य नसताना, दुसऱ्याच्या झेंड्याखाली आपली माणसे लढली, हेही सांगायला हवे.

मंडळींनो, कुणाच्या घरी आजोबांचे पलटणीतले छायाचित्र, पदक किंवा पत्र असेल तर नोव्हेंबरच्या कार्यक्रमाला जरूर आणा. मुलांसाठी एक टेबल मांडून ठेवतो.