कठोर चौकशी की छळ? एका शब्दावरचा वाद

आपल्याकडे पोलीस कोठडीतल्या मारहाणीला 'थर्ड डिग्री' म्हणतात. अमेरिकेच्या सीआयएने २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अशाच प्रकारांना 'प्रगत चौकशी पद्धती' असे नाव दिले. नाव बदलल्याने कृत्य बदलते का, हा या वादाचा मूळ प्रश्न आहे.

छळाची व्याख्या : संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी संमत झाला. माहिती किंवा कबुली मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक दाखवण्यासाठी किंवा भेदभावापोटी सरकारी यंत्रणेने जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना म्हणजे छळ. युद्ध वा आणीबाणीचे कारणही त्याला चालत नाही. सगळा वाद 'तीव्र' या एका शब्दावर आहे.

उत्तर आयर्लंड : १९७१ मध्ये ब्रिटिशांनी कैद्यांवर पाच पद्धती वापरल्या. भिंतीशी तासन्‌तास उभे करणे, डोक्यावर पिशवी घालणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोपू न देणे आणि अन्नपाणी तोडणे. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७६ मध्ये याला छळ म्हटले. १९७८ मध्ये युरोपीय न्यायालयाने मात्र ही वागणूक अमानुष व मानहानीकारक ठरवली, पण छळ म्हणण्याचे नाकारले.

अमेरिका : ऑगस्ट २००२ च्या सरकारी कायदेशीर टिपणाने मर्यादा आणखी वर नेली. अवयव निकामी होताना किंवा मृत्यूसमयी होते तितकी वेदना झाली तरच तो शारीरिक छळ, असा अर्थ काढला. त्या आधारे कैद्याला आडवे बांधून, तोंडावरच्या कापडावर पाणी ओतून गुदमरवणे, म्हणजे 'वॉटरबोर्डिंग', वैध ठरवले गेले. अबू झुबेदावर ते ८३ वेळा, तर खालिद शेख मोहम्मदवर १८३ वेळा झाले. २००४ मध्ये टिपण मागे घेतले गेले. २००९ मध्ये ओबामांनी या पद्धती बंद केल्या. या मार्गाने माहिती मिळवणे परिणामकारक नव्हते, असा निष्कर्ष डिसेंबर २०१४ च्या सिनेट समितीच्या अहवालाने काढला. तरीही मंजुरी देणाऱ्या वरिष्ठांपैकी कोणावरही खटला चालला नाही. व्याख्या वाकवल्याचा फायदा कोणाला झाला, हे इथे दिसते.

भारत : भारताने १९९७ मध्ये करारावर सही केली, पण तो अद्याप अंगीकारलेला नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही नाही. २०१० चे विधेयक लोकसभेत संमत होऊनही पुढे बारगळले. मात्र राज्यघटनेचे कलम २० (३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवते आणि कलम २१ जीविताचे रक्षण करते. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घातले : अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. सेल्वी खटल्यात (२०१०) संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरली.

म्हणून कार्यकर्त्यांनी हे नियम पाठ ठेवावेत. कोठडीतल्या माणसाच्या बाजूने उभे राहताना 'थोडा दम दिला', 'थोडी चौकशी केली' अशी भाषा स्वीकारू नये. काय केले, किती वेळ केले आणि कोणी केले, हे लेखी मागावे.