जागल्या आणि गावाची झोप

शिक्रापूरच्या चौकात रात्री दोन वाजता कधी उभे राहिला आहात का? एका अंगाने पुणे-अहिल्यानगर रस्ता, दुसऱ्या अंगाने चाकणची वाट. मालमोटारींची रांग तुटत नाही. आसपासच्या घरांत माणसे झोपलेली असतात. निदान आडवी झालेली असतात. लढायांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. या मुलखातली माणसे पूर्वी झोपत कशी, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते आज थोडे पाहू.

जुन्या गावाला वेस असे. रात्री वेसकर वेशीचे दार लावी आणि जागल्या गस्तीला निघे. पुणे प्रांतात हे काम पुष्कळ ठिकाणी रामोशांकडे होते. चोरी झाली, तर चोराचा माग काढीत तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. माग आपल्याच शिवेत हरवला, तर भरपाईचे ओझे राखणदारावर. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ साली रामोशांवर एक पुस्तकच लिहिले. रामोशांची माहिती त्यात तपशिलाने आहे. पेशव्यांच्या पुण्यात तर रात्रीची तोफ झाली की रस्त्याने फिरायची बंदी असे. थोडक्यात काय, पाटील अंगणात बाजेवर निवांत घोरे, तो दुसऱ्याच्या जागरणावर!

आता तुम्ही म्हणाल, झोप ही ज्याच्या त्याच्या देहाची गोष्ट, त्यात गावाचा काय संबंध? संबंध आहे. परक्या ठिकाणी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही, हा तुमचाही अनुभव असेल. २०१६ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात याचा अभ्यास झाला. अशा रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीकशा आवाजालाही लवकर जाग आणतो, असे आढळले. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात एक जागल्या बसलेला आहे. बाहेर राखण आहे अशी खात्री पटली, तरच तो डोळा मिटणार.

१८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या राज्यात रामोशांचे किल्ल्यांच्या राखणीचे जुने हक्क गेले. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे उमाजी नाईक त्या रागातूनच उठले; ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. पुढे सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लावला. ज्या जमातींची नोंद झाली, त्यांच्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, कित्येक ठिकाणी रात्रीचीसुद्धा. दिवसभर राबलेला माणूस अंथरुणातून उठून चावडीवर जाई, का, तर गावाने निर्धास्त झोपावे! मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली आणि देशभरात १९५२ साली रद्द झाला. गावाची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. वतनाच्या जोखडातून माणसे सुटली, हे चांगलेच झाले.

पण जागण्याची पाळी काही संपली नाही. शेतीची थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येत आली. रात्रीच्या आठवड्यात शेतकरी दारे धरायला उसात जातो, आणि शिरूर तालुक्यातल्या उसात बिबट्या असतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्याने सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, ती याच दुखण्यावर.

दुसरा जागल्या कारखान्यातला. रांजणगाव, सणसवाडीची रात्रपाळी करून तो सकाळी पत्र्याच्या खोलीवर येतो. झोप लागायची तर शरीराची आतली उष्णता थोडी उतरावी लागते, आणि वर पत्रा तापत असतो. अंधारात मेंदू मेलॅटोनिन नावाचे झोपेचे द्रव्य सोडतो. डोळ्यांवर उजेड आला की ते घटते. गोंगाटाचे म्हणाल, तर २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नियमातली रात्र मात्र दहा ते सहा. त्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. खिडकीला चादर बांधून तो पडतो, तेवढ्यात शेजारी भोंगा लागतो आणि भाजीवाला ओरडत येतो.

मास्तर, तुमच्या वर्गात पहिल्याच तासाला पेंगणारी पोरे असतात. एकदा सहज विचारून पाहा, रात्री घरी कोण जागे होते.