हरलेल्या राजाच्या नावाचे महाविद्यालय

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्याचे नाव दिले, तो वादात हरलेला माणूस होता. मिलिंद. त्याला हरवणारा भिक्खू नागसेन, त्याचे नाव परिसराला मिळाले: नागसेनवन. महाविद्यालयांना नावे मिळतात ती लढाया जिंकलेल्यांची, देणगीदारांची, नाहीतर संस्थाचालकाच्या वडिलांची. चर्चेत हार पत्करलेल्या राजाचे नाव महाविद्यालयाला देणारा दुसरा शिक्षणसंस्थापक आम्हाला तरी माहीत नाही.

मिलिंद म्हणजे मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात सांगितले आहे की वाद घालण्यात त्याचा हात धरणारे कोणी उरले नव्हते. भल्याभल्यांना त्याने गप्प केले होते, इतके की भिक्खूंनी सागल सोडले होते. मग नागसेन आला. संवाद रंगात येतो तेव्हा नागसेन राजाला एक अट घालतो: तू पंडितासारखा वाद घालणार असशील तर मी बोलतो, राजासारखा घालणार असशील तर नाही. राजा फरक विचारतो. नागसेन सांगतो की पंडितांच्या वादात गुंता सोडवला जातो, खंडन होते, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक म्हणणे मांडतो, आणि जो ते मानत नाही त्याला दंड होतो. पालीत याला दोन नेमके शब्द आहेत, पंडितवाद आणि राजवाद. मिलिंद पंडितवाद कबूल करतो, आणि इथेच त्याचा मोठेपणा आहे. तलवार त्याच्या कमरेला होती. त्याने ती वादात आणली नाही.

हा इतिहास आत्ता काढण्याचे कारण असे की महाविद्यालयांमध्ये युवक महोत्सव आणि वादविवाद स्पर्धा होतात, तेव्हा बेंबळीसारख्या गावांतून धाराशिवला शिकायला जाणारी आमची मुलेमुलीही त्यात उतरतात. निकाल लागतो. कोणी फिरती ढाल आणतो, बहुतेकजण उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आणतात. निकालाच्या फोटोवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि विषय संपतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे निकाल कोण लावतो, कशावर लावतो, आणि वाद पंडितांचा असतो की राजांचा?

महाराष्ट्रातल्या व्याख्यानांचा आणि वक्तृत्वाचा जो इतिहास शिकवला जातो तो पुण्यात सुरू होतो. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या मागे वक्तृत्वोत्तेजक सभा उभी राहिली. काम मोठे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पुण्यात दोन वर्षे आधी, १८७३ मध्ये, सत्यशोधक समाज स्थापन झाला होता आणि तिथेही बोलण्याची, वाद घालण्याची शाळा चालू होती. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठवले, तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून नकार दिला. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे खुल्या मनाने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेतून आमचे काही भले होणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. लोक याला फटकळपणा म्हणतात. आम्हाला त्यात नागसेनाची अट दिसते: आधी वादाचे नियम ठरवा, मग बोलू.

बेंबळीला तर पुणे फार लांब होते. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, १९१८ चे, माध्यम उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे ते पहिले मोठे विद्यापीठ हे खरे, पण ती देशी भाषा बेंबळीच्या महारवाड्याची नव्हती. मराठवाड्याच्या दलित तरुणाला पदवीपर्यंत नेणारा दरवाजा उघडला तो जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा. बेंबळीपासून ते सुमारे अडीचशे किलोमीटर. तरी गावोगावची पोरे पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात पोचली.

तिथे फक्त वर्ग भरावेत असे बाबासाहेबांच्या मनात कधीच नव्हते. त्याआधी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत होती. जानेवारी १९५० मध्ये देशाचा कायदामंत्री त्या विद्यार्थी संसदेत जाऊन हिंदू कोड बिलावर बोलला. दिल्लीच्या सभागृहात ज्या बिलाची अडवणूक चालली होती, ते त्याने पोरांसमोर मांडले. आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, संविधान सभेला त्याने आठवण करून दिली होती की ठराव, गणपूर्ती, शलाकेने मतदान, निकाली निघालेला विषय पुन्हा न उकरणे हे सगळे बौद्ध संघाला ठाऊक होते. म्हणजे वादाची शिस्त ऑक्सफर्डच्या युनियनमधून उसनी आणण्याची आपल्याला गरज नाही. ऑक्सफर्ड युनियन १८२३ ची.

पण शिस्त एकाच बाजूने पाळायची असते का? नामांतराचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचा. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने आणि विधान परिषदेने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. सभागृहातला वाद संपला, निकाल लागला. नियमाने हरलेल्याने तो मान्य करायचा असतो. इथे काय झाले? दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. पंडितवाद जिंकला होता, म्हणून प्रतिपक्षाने राजवाद सुरू केला. सोळा वर्षे गेली. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, तेही 'मराठवाडा' शब्द ठेवून, नामविस्तार म्हणून. आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. आज बेंबळीचा विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरतो, त्याच्या नावातच एका वादविवादाचा निकाल आहे, सोळा वर्षे अडवून ठेवलेला. फलकाखाली उभे राहून सेल्फी काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे.

निकाल अडवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वादच होऊ न देणे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषण आधी मागवून वाचले आणि त्यातला काही भाग गाळा म्हणून सांगितले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते न झालेले भाषण मे १९३६ मध्ये पदरच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढे बाबासाहेबांनी काय केले हे आमच्या वक्त्यांनी पाठ करून ठेवावे: १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि खाली आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या खर्चाने वाचकाच्या हातात द्यायचे आणि मग त्याचे खंडन करायचे. परीक्षक नाही, ढाल नाही. नव्वद वर्षे होत आली, वाचक अजून निकाल देत आहेत.

तिसरा मार्ग अमेरिकेत दिसतो. टेक्सासमधल्या मार्शल या गावी वायली कॉलेज हे काळ्या विद्यार्थ्यांचे छोटे महाविद्यालय. मेल्विन टॉल्सन हे तिथले शिक्षक आणि कवी, त्यांनी वादविवादाचा संघ घडवला. १९३५ मध्ये या संघाने तेव्हाच्या राष्ट्रीय विजेत्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला हरवले. पण स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेत काळ्या माणसाला सदस्यत्वच नव्हते, त्यामुळे राष्ट्रीय विजेतेपद वायलीच्या नावावर लागले नाही. वाद होऊ दिला, जिंकूही दिला, फक्त वहीत लिहिले नाही. (२००७ मध्ये यावर सिनेमा निघाला, त्यात प्रतिस्पर्धी हार्वर्ड दाखवले आहे. हॉलिवूडला सदर्न कॅलिफोर्निया पुरेसे भारदस्त वाटले नसावे.) टॉल्सन यांच्या तालमीतला कोवळा जेम्स फार्मर पुढे १९४२ मध्ये काँग्रेस ऑफ रेशिअल इक्वॅलिटी या संघटनेच्या संस्थापकांत होता आणि १९६१ च्या फ्रीडम राइड्स त्यानेच उभ्या केल्या. ढाल मिळाली नाही. तालीम मात्र वाया गेली नाही.

आता आपल्याकडचे नियम पाहू. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात वादविवादासाठी दोघांचा संघ असतो, एक अनुकूल, एक प्रतिकूल. विषय चोवीस तास आधी कळतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटे. कागद वाचायचा नाही. इथपर्यंत ठीक. माध्यम मात्र दोनच, हिंदी किंवा इंग्रजी. म्हणजे जिल्ह्यात आणि विद्यापीठात मराठीतून जिंकत आलेली बेंबळीची मुलगी पुढच्या पायरीवर आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत जाते. इंग्रजी संसदीय पद्धतीच्या स्पर्धांत तर तयारीला पंधरा मिनिटे आणि बोलायला सात. त्या स्पर्धांचे जग बहुतेक महानगरांतल्या मोजक्या महाविद्यालयांचे आहे. गंमत अशी की १९८१ पासून चाललेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठी वेगळी बाद फेरी ठेवलेली असते. जगाला जे सुचले ते आपल्या विद्यापीठ संघाला सुचू नये?

आणि मराठी स्पर्धेतही मराठी कोणाची? गुणांच्या तक्त्यात 'उच्चार' हा वेगळा रकाना असतो. आमच्यातल्या एका मुलीला एका स्पर्धेत परीक्षकांनी सांगितले होते की मुद्दे पक्के आहेत, पण 'ण' आणि 'न' कडे लक्ष दे. विषय पाण्याचा होता. दुष्काळात टँकरमागे धावलेल्या मुलीने 'पानी' म्हटले म्हणून तिचे दोन गुण गेले, आणि पाणी नळातून येते एवढेच ठाऊक असलेल्याचा 'ण' खणखणीत निघाला. नागसेनाच्या अटींत उच्चाराचा रकाना नाही. गुंता सोडवला का, खंडन केले का, चूक मान्य केली का, एवढेच तो विचारतो. आमचे म्हणणे सरळ आहे: खंडनाला सर्वाधिक गुण द्या, उच्चाराचा रकाना काढा, आणि प्रत्येक परीक्षकाचा तक्ता निकालासोबत भिंतीवर लावा.

एक अवघड प्रश्न तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात. विषय येतो, 'आरक्षण आर्थिक निकषावर असावे'. चिठ्ठी निघते आणि आपल्याच पोराच्या वाट्याला अनुकूल बाजू येते. त्याने बोलावे का? काही जण म्हणतात, बोलू नये, हा बापाशी द्रोह आहे. आम्हाला हे पटत नाही. बोलावे, आणि ताकदीने बोलावे. प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडता आला तरच तो मुळापासून उखडता येतो. बाबासाहेबांचा कोणताही ग्रंथ उघडा, आधी पूर्वपक्ष मांडलेला सापडेल. पाच मिनिटे ती बाजू घेतल्याने कोणाचा स्वाभिमान वितळत नाही.

पण एक तक्रार आयोजकांकडे जरूर करावी. आमचे हक्क हा दरवर्षीचा 'ज्वलंत विषय' कसा काय असतो? मंदिराच्या गाभाऱ्यातले वंशपरंपरेचे आरक्षण रद्द व्हावे, हा विषय आम्ही अजून एकाही स्पर्धेच्या पत्रिकेवर पाहिलेला नाही. सफाई कामगारांत एकाच समाजाची माणसे का, हाही नाही. विषय निवडणारी समिती हीच पहिली परीक्षक असते, आणि तिचे गुणपत्रक कोणी मागत नाही. ते मागायला हवे.

हेच बोट गावोगावच्या जयंती मंडळांकडेही वळते. चौदा एप्रिलला वक्तृत्व स्पर्धा असते, वादविवाद नसतो. शाळकरी पोर सरांनी लिहून दिलेले भाषण धाडधाड म्हणते, टाळ्या पडतात, कंपासपेटी मिळते. समोर प्रतिपक्ष नाही, प्रश्न नाही. अशा तालमीतून आलेला मुलगा विद्यापीठाच्या मंचावर पहिल्या उलट प्रश्नालाच अडखळतो, आणि मग आपण परीक्षकाची जात शोधू लागतो. कधी ती शोधावीही लागते. पण दरवेळी नाही.

म्हणून येत्या जयंतीला बेंबळीत वक्तृत्वाबरोबर वादविवादही ठेवावा, असा आमचा प्रस्ताव आहे. दोघांचा संघ, त्यात एक तरी मुलगी. भाषा गावची, बोली चालेल. विषय चोवीस तास आधी, कागद बंद, भाषणानंतर प्रतिपक्षाचे दोन प्रश्न. परीक्षक तिघे, एक शिक्षक, एक बचत गटातली बाई, एक शेजारच्या गावचा माणूस. प्रत्येकाचा तक्ता समाजमंदिराच्या भिंतीवर लागेल. हरलेल्या संघाचे मुद्देही वहीत लिहून ठेवले जातील आणि प्रतिपक्षाचा मुद्दा जाहीरपणे मान्य करणाऱ्या वक्त्याला वेगळे बक्षीस असेल, मिलिंदाच्या नावाचे. सुरुवातीला तीन विषय आम्ही सुचवतो: जयंतीचा डीजेचा खर्च वाचनालयाला द्यावा, गावातल्या सगळ्या वस्त्यांची स्मशानभूमी एकच असावी, राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाईच्या नवऱ्याला ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसू देऊ नये. तिसऱ्या विषयाला प्रतिकूल बाजूने कोण उभे राहते ते आम्हाला बघायचे आहे.