साहाय्यक तंत्रज्ञान, बालवाडीतील

तीन ते सहा वर्षांच्या दिव्यांग मुलाला बालवाडीत किंवा अंगणवाडीत बसता, खेळता, ऐकता आणि स्वतःचे म्हणणे सांगता यावे म्हणून वापरली जाणारी साधने. टॅबलेटवरचे ॲप यात येते, तसाच फोम गुंडाळून जाड केलेला खडूही येतो.

कोल्हापुरात दिव्यांगांच्या शिक्षणाचे नाव निघाले की चाकाची खुर्ची आठवते. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था येथे उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह आणि दिव्यांग-अदिव्यांग मुलांना एकत्र शिकवणारे समर्थ विद्यामंदिर याच कामातून आले. शेंडा पार्कातील चेतना अपंगमती विकास संस्था बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करते. तिथल्या मुलांच्या गरजा निराळ्या, म्हणून साधनेही निराळी.

सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलाचा बराचसा जोर तोल सांभाळण्यातच खर्च होतो. सीपी चेअरने पाठ, कंबर आणि पावले सावरली की हात खेळायला मोकळे होतात. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला वायरने एक मोठे बटण जोडले, तर बोटांत ताकद नसलेले मूलही तळव्याने, कोपराने किंवा हनुवटीने ते दाबून गाडी पळवू शकते. आपण काही केले की काहीतरी घडते, हा अनुभव इतर मुलांना रांगतानाच मिळालेला असतो. या मुलाला तो अशा बटणातून मिळतो, आणि पुढच्या साऱ्या शिकण्याचा पाया तिथेच पडतो. हे खेळणे महागडे नाही. ते बालवाडीत नसावे, याला सबब उरत नाही.

श्रवणदोषात उशीर फार महाग पडतो, कारण भाषा रुजण्याची वर्षे हीच. दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान कर्णबधिर मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राला, मदत मिळते. पण शस्त्रक्रियेनंतर यंत्राचे मॅपिंग, म्हणजे त्या मुलाच्या ऐकण्यानुसार जुळणी, आणि दीर्घ वाचा-श्रवण उपचार झाले नाहीत, तर आवाज नुसता कानावर पडत राहतो. वर्गातल्या गलक्यात बाईंचा आवाज हरवतो. त्यांच्या गळ्यातला छोटा माइक तो थेट श्रवणयंत्रात पोचवतो.

बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ‘जेलो’ हे ॲप तयार झाले. चित्रावर बोट ठेवले की फोन मराठीत बोलतो. पाणी हवे, नको, अजून खेळायचे आहे, हे सांगता आले की मुलाचा आक्रस्ताळेपणा पुष्कळदा ओसरतो. अशा साधनाने मूल बोलायचेच सोडून देईल, ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. अभ्यासांतून मात्र तसे आढळत नाही.

एरवीच्या पडद्याबाबत सावधगिरी हवी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. कार्टून पाहणे त्यात मोडते. संवादाचे ॲप म्हणजे त्या मुलाचा आवाज, तो शाळा सुटल्यावर कपाटात ठेवता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीचा भार अंगणवाडीवर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी नियमावलीही जाहीर केली. तपासणीत दोष कळल्यावर साधन मुलाच्या हाती पडेपर्यंतचे महिने हाच या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. वाढत्या मुलाच्या श्रवणयंत्राचा कानातला साचा आणि खुर्ची वारंवार बदलावी लागते, हेही खरेदीच्या वेळीच धरायला हवे.